बेस तुम्हाला पहिल्यांदा कधी ऐकू आला?

जाडी तार | शुक्रवार, रात्री ११.५२

गेल्या रविवारी दिवाळीच्या माळा काढायला माळ्यावर चढलो आणि बेस गिटार घेऊन खाली उतरलो. बायको शिडी धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "चढताना तू वेगळं काहीतरी सांगितलं होतंस."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून हा धागा.

आधी ओळख. मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. पोटापाण्याला लोकांचे हिशेब तपासतो. बेस वाजवतो तो निव्वळ हौशी. कॉलेजात असताना दोन बँड झाले. एक मुलीवरून मोडला, दुसरा ड्रमच्या भाड्यावरून, आणि दुसऱ्याचं दुःख जास्त झालं. मग आठ-नऊ नवरात्रं गरब्याच्या ऑर्केस्ट्रात काढली. आता महिन्यातून एकदा गोत्रीला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही चार पोटं सुटलेले लोक जमतो. कुणी विचारलं तर "गिटार वाजवतो" असंच सांगतो. "बेस" म्हटलं की "त्याला चारच तारा का? बाकीच्या दोन तुटल्या का?" हे येतं. माझा मेहुणा हा विनोद दर दिवाळीला करतो आणि दर दिवाळीला स्वतःच हसतो.

प्रश्न साधा आहे. बेस कानावर रोजच पडतो, गाणं कुठलंही असो. पण तो *ऐकू* पहिल्यांदा कधी आला?

माझं सांगतो. आमच्याकडे पत्र्याच्या कपाटावर एक टू-इन-वन होता. मामेभावाने पिंक फ्लॉइड या बँडची 'द डार्क साइड ऑफ द मून' भरून दिली होती, कोऱ्या कॅसेटवर, आणि बी बाजूला जागा उरली म्हणून शेवटी दोन नाट्यगीतं. आजही तो अल्बम संपला की मला पेटीचा सूर अपेक्षित असतो. तर त्यातलं 'मनी' लागलं होतं आणि आत्या मेथी निवडत बसली होती. आत्या तबला शिकलेली. तिची बोटं आपोआप मांडीवर पडायला लागली. म्हणाली, "रूपक आहे रे हा." मी मोजलं. खरंच सात! पुढे गिटारचा सोलो सुरू झाला तशी तिची बोटं थबकली, पुन्हा सुरू झाली. "आता चारात गेला. सातात फिरून दमला वाटतं."

पुष्कळ वर्षांनी वाचलं, की सोलो मुद्दाम चारात नेला होता, वाजवणाऱ्याला मोकळं होता यावं म्हणून. आत्याने ते मेथीची जुडी संपायच्या आत ओळखलं होतं.

पण सात मात्रांची ती चाल वाजवतंय कोण, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. मला वाटायचं, ते सगळं गिटारच. मग एका मित्राचे काका मस्कतहून आले, सोबत कमरेएवढे दोन स्पीकर घेऊन. तीच कॅसेट त्यांच्याकडे लावली आणि शोकेसमधली काचेची बदकं हलायला लागली. एकमेकांवर आपटून किणकिण वाजत होती. काकू धावत आल्या, काका खूश. मी जमिनीवर बसलो होतो आणि आवाज बुडाकडून वर येत होता. दोन वर्षं पाठ असलेलं गाणं मी पहिल्यांदा ऐकत होतो. तो रॉजर वॉटर्सचा बेस. घरी येऊन टू-इन-वनवर पुन्हा लावलं, तर आता तिथेही तो ऐकू यायला लागला. हे मला अजून गूढ वाटतं. डबा तोच, कॅसेट तीच.

आता माझ्या बेसबद्दल. १९९७ साली गरब्याच्या एका वादकाने मध्यस्थी करून १,८०० रुपयांना मिळवून दिला. डोक्यावरचं कंपनीचं नाव कुणीतरी पात्याने खरवडून काढलेलं. लांबी आखूड, म्हणजे घोडीपासून नटापर्यंत ३० इंच (नेहमीचा बेस ३४चा असतो). मान धनुष्यासारखी वाकलेली. तारा तर अशा गंजलेल्या, की वाजवल्यावर बोटं लोखंडी पुलाच्या कठड्यावरून फिरवल्यासारखी दिसायची.

नव्या तारांचा संच तेव्हा परवडत नव्हता. ऑर्केस्ट्रातल्या जुन्या मंडळींनी तोडगा सांगितला: उकळ. तारा सोडवून वेटोळी केली, दुधाच्या पातेल्यात पाणी घेतलं आणि गॅसवर चढवलं. पाचेक मिनिटांत पाण्याला तपकिरी साय धरली. मागच्या मालकाच्या बोटांचा सगळा घाम त्यात. आईने झाकण उचलून पाहिलं, मिनिटभर काही बोलली नाही, मग विचारलं, "मीठ घालायचंय का यात?" ते पातेलं पुन्हा दुधाला लागलं नाही. तारा मात्र पंधरा दिवस नव्यासारख्या खणखणल्या.

मान सरळ करायला दीड महिना गेला. बेसच्या मानेत पोलादी सळई असते, ट्रस रॉड. चार तारांचा मिळून साठ-सत्तर किलोचा ताण मानेला पुढे ओढतो, सळई मागे ओढते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तार दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं की झालं. माझ्यात तेव्हा अख्खी पोथी सरकली असती. चावी पाव फेरा फिरवायची आणि एक रात्र थांबायचं. घाई केली तर सळई तुटते आणि मग ती गिटार भिंतीवर टांगायला छान. पुढच्या जूनमध्ये सुरुवात केली होती. पाऊस लागला, लाकूड फुगलं आणि केलेलं अर्धं काम पुन्हा उलटलं. बडोद्यात मे महिन्यात एक मान असते आणि ऑगस्टात दुसरी, हे तेव्हा कळलं.

आणि तेव्हाच, पिकगार्ड (तारांखालची प्लास्टिकची पट्टी) उघडल्यावर, आतल्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. गुजरातीत: "बाकी २५०". त्याखाली सहा आकडी फोन नंबर. बस्स.

परवा पुन्हा उघडून पाहिलं. अजून तसंच आहे.

बाकी आवडीनिवडी. माझं दैवत जेम्स जेमर्सन. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या गाण्यांमागचा बेसवाला. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. इतकी वर्षं, इतकी गाणी, आणि रेकॉर्डच्या पाकिटावर नाव नाही. ते छापलं गेलं १९७१ साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. आपल्याकडे तरी काय? पंचमच्या गाण्यांत बेस टोनी वाझ यांचा, हे गाण्याच्या किती भक्तांना माहीत असतं?

आणि सगळे ज्याला बेसचा देव मानतात तो जॅको पास्टोरियस मला आवडत नाही. कौतुक वाटतं, आवडत नाही. या, दगड घेऊन या.

---

चहाटळ | शनिवार, सकाळी ७.१५

दगड आणलाय. पण आधी "बाकी २५०" चा निकाल लावा. तुम्ही हिशेबतपासनीस ना? १९९७ पासून चक्रवाढ धरा.

---

जाडी तार | शनिवार, सकाळी ७.४०

कागदावर तारीख नाही, दर नाही, धनको-ऋणकोचा पत्ता नाही. व्याज लागू होत नाही.

---

साउंडवाला | शनिवार, सकाळी १०.०५

मस्त धागा. बदकं विशेष.

तुमचं गूढ सोडवतो. बेसची सगळ्यात जाड तार, ई, तिची कंपनं सेकंदाला ४१. टू-इन-वनचा चार इंची स्पीकर शंभरच्या खाली जवळजवळ मुका असतो. म्हणजे तुमच्या घरी मूळ सूर निघतच नव्हता. पण कुठलीही तार नुसता मूळ सूर वाजवत नाही. ८२, १२३, १६४ असे त्याच्या पटीतले वरचे सूरही सोबत वाजतात. वरचे कानात गेले की मेंदू खालचा आपला आपण भरून घेतो. मोबाइलवरसुद्धा बेस "ऐकू येतो" तो असाच. फरक इतकाच, की मेंदूला काय शोधायचं हे माहीत लागतं. मस्कतच्या स्पीकरनी तुम्हाला ते दाखवलं. एकदा दिसलं की मग डब्यातही दिसतं.

आता माझं. माझा धंदाच साउंडचा, बडोद्यातच. मला बेस पहिल्यांदा ऐकू आला तो तक्रार म्हणून. पहिलंच नवरात्र, मैदानाच्या कडेच्या सोसायटीतून एक आजोबा आले. "गाणं ऐकू येत नाही, पण माझी कवळी पेल्यात वाजते." गाण्याचे सूर समोर जातात आणि भिंतीला अडतात. बेस कुणाला अडत नाही, तो चहूकडे पसरतो. तेव्हापासून आम्ही खालचे स्पीकर ओळीत लावतो, जमेल तेवढा मागचा आवाज मारायला.

आणखी एक. बडोद्याचा गरबा म्हणजे एका मैदानात हजारो माणसं गोल फिरणार आणि गाणारे मध्ये. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मधल्या मंचापासून शंभर मीटर लांबच्याला टाळी पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचते. तो उशिरा टाळी देणार, त्याच्या पुढचा ती बघून आणखी घोळ घालणार. म्हणून बाहेरच्या खांबांवरचे स्पीकर मोजून तेवढेच उशिरा वाजवावे लागतात.

---

जाडी तार | शनिवार, दुपारी १.३०

@साउंडवाला, आता खरं सांगा. गरब्यात माझा फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) कायम खाली असायचा की नाही?

---

साउंडवाला | शनिवार, दुपारी १.४४

असायचा. ढोल आणि बेस एकाच जागेत घुसतात. दोघांतला एक ठेवायचा तर गरब्यात ढोलच राहणार. मनाला लावून घेऊ नका. तुमच्या कानातल्या मॉनिटरमध्ये मात्र भरपूर देत होतो, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही.

---

जाडी तार | शनिवार, दुपारी १.५०

आठ-नऊ नवरात्रं. नऊ रात्री. हिंच तालात सहा मात्रा, पहिलीला षड्ज, चौथीला पंचम, रात्री बारापर्यंत. आणि बाहेर काहीच नाही.

थोडा वेळ द्या मला.

---

खर्जातली | शनिवार, दुपारी ३.२०

खिक्. बिचारे जाडी तार.

मी मूळची बडोद्याची, आता पुण्यात. सूरसागर तलावाच्या काठावरच्या आपल्या संगीत कॉलेजात गायन शिकले. (नव्या वाचकांसाठी: सयाजीरावांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा ती हीच.) तिथे पहिलं वर्ष बाईंनी मला फक्त तानपुरा छेडायला बसवलं होतं. त्यामुळे मला बेसचं कधी नवल वाटलं नाही. चौथी तार, खर्ज. गाणारीचं लक्ष नसतं, ऐकणाऱ्याचं नसतं, आणि तार जरा उतरली तर सगळ्यांचे चेहरे बदलतात. तुमचा बेस म्हणजे खर्जच की.

---

जाडी तार | शनिवार, दुपारी ४.०२

ताई, हे मला प्रत्येक मैफलीनंतर कुणीतरी सांगतं आणि मी दर वेळी मान हलवतो. पण खरं सांगू का, पटत नाही. खर्ज *बसतो*. बेस *चालतो*. तानपुऱ्याला निर्णयच घ्यायचा नसतो. मला दर मात्रेला घ्यायचा असतो, की आता सा वर राहू की ग वरून जाऊ. वरची चाल तीच ठेवून मी खालचा सूर बदलला तर गाण्याचा चेहरा बदलतो. हसरं गाणं उदास होतं. गाणाऱ्याला वाटतं आज आपला आवाज वेगळा लागतोय.

शिवाय खालीही आम्ही जास्त जातो. काळी एकचा पुरुषी तानपुरा घेतला तर त्याचा खर्ज साधारण ६९ कंपनांचा. आमची ई ४१. ;)

---

खर्जातली | शनिवार, सायंकाळी ६.१५

मुद्दा मान्य, डोळा मारणं अमान्य.

चालणारा बेस मला हॉस्टेलवर कळला. खोलीत एक मदुराईची मुलगी होती, तिच्याकडे तमिळ संगीतकार इळैयराजांच्या कॅसेटींचा ढीग. मला तमिळचं अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे शब्द सोडून बाकी सगळं ऐकलं. एकदा लक्षात आलं, की गाणारी वर जातेय तेव्हा खाली कुणीतरी उतरतंय. ती थांबली की तो बोलतो. ती खालची ओळ म्हणजे सावली नव्हे, दुसरी चालच! पुढे कळलं, की त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बेस वाजवणारे शशिधरन, आणि राजा स्वतः बेसची ओळ सुरासकट लिहून देतात. मला बंदिशीत असं काही ऐकायची सवय नव्हती. आठवडाभर माझा रियाज बिघडला, कारण यमन गाताना मी खाली कोण बोलतंय ते शोधत होते.

तेव्हा माझं उत्तर: शब्द कळत नव्हते म्हणून ऐकू आला.

---

न्यायप्रिय | शनिवार, रात्री ९.३०

माझं उलटं. मला बेस *नसल्यामुळे* कळला.

मेटालिका, अमेरिकेतला हेवी मेटल बँड. त्यांचा बेसवाला क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ साली '...अँड जस्टिस फॉर ऑल' निघाला आणि त्यात बेस शोधून दाखवा. वाजवलाय पूर्ण, पण मिश्रणात इतका खाली दाबला की जवळजवळ नाही. मी दहावीत होतो, मला तो अल्बम कोरडा लागायचा. फोडणी दिली, आमटीच नाही. 'मास्टर ऑफ पपेट्स' लावला की पोट भरायचं. दोन्ही पाठोपाठ पंचवीसदा ऐकल्यावर ट्यूब पेटली, की काय गायब आहे.

पुढे चाहत्यांनीच घरबसल्या बेस परत घालून त्या अल्बमच्या आवृत्त्या नेटवर टाकल्या. ऐका. नाव माझं त्यावरूनच घेतलंय.

---

चहाटळ | शनिवार, रात्री ९.४१

म्हणजे जाडी तार यांच्यावर गरब्यात झालेला अन्याय आंतरराष्ट्रीय परंपरेतला आहे.

---

जाडी तार | शनिवार, रात्री ९.४३

उद्या @साउंडवाला यांच्या गोडाउनसमोर धरणं.

---

सूरसागरकाठी | रविवार, सकाळी ६.०५

वयाने तुम्हा सगळ्यांत मोठा असेन, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. मला बेस गिटार कळत नाही. पण एक गंमत सांगतो.

माझी सगळी नोकरी अलेम्बिकमध्ये गेली. बडोदेकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: १९०७ साली प्रा. गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी उभी केलेली औषधांची कंपनी. खोकला झाला की घराघरांत जे ग्लायकोडिन यायचं, ते आमचं. तर आमचा नातू अमेरिकेला शिकायला गेला आणि तिथून त्याने फोटो पाठवला. एका दुकानात काचेच्या कपाटात एक गिटार, तिच्यावर नाव अलेम्बिक. खाली लिहिलं, "आजोबा, तुमच्या कंपनीने हे कधी सुरू केलं?" मी दोन दिवस खरंच विचारात होतो. निवृत्त झाल्यावर कंपन्या काय काय करतात, सांगता येत नाही.

---

जाडी तार | रविवार, सकाळी ९.२०

काका! हे तुम्ही सांगितलंत म्हणून धाग्याचं सार्थक झालं.

त्या अलेम्बिकचा गोरव्यातल्या तुमच्या कंपनीशी संबंध नाही. १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोकडे ग्रेटफुल डेड या बँडच्या गोतावळ्यातून निघालेली ती मंडळी. बँडचा मंचावरचा आवाज सुधारायचा, हे मूळ काम. ते करता करता गिटारच्या पोटातच बॅटरीवर चालणारं सर्किट बसवायला लागले. त्यांच्या क्रमांक एकचा बेस जेफरसन एअरप्लेनच्या जॅक कॅसडीसाठी १९७२ मध्ये झाला. स्टॅनली क्लार्कच्या हातात सत्तरच्या दशकापासून दिसतो तो अलेम्बिकच. १९७६ चा 'स्कूल डेज' ऐका, बेस पुढे येऊन गातो म्हणजे काय ते कळेल.

नाव मात्र दोघांनी एकाच भांड्यावरून घेतलं. अर्क काढायचं नळीचं जुनं पात्र. तुम्ही खोकल्याचं औषध काढलं, त्यांनी सूर.

मी कॉलेजात असताना एका मासिकात "अलेम्बिक बेस" वाचलं होतं आणि बाबांना म्हटलं होतं, गोरव्याला ओळख काढा, कामगारांना सवलतीत देत असतील.

---

सूरसागरकाठी | रविवार, सकाळी ९.५५

नातवाला वाचून दाखवलं. तो म्हणतो त्या गिटारची किंमत आमच्या पहिल्या घरापेक्षा जास्त होती. तेव्हा ग्लायकोडिनच बरं.

---

भंगारप्रेमी | रविवार, दुपारी १२.१०

एक नाजूक विषय काढतो, हलकेच घ्या.

नाव खरवडलेलं. आत कुणाचा तरी हिशेब. जाडी तार, तुमचा बेस चोरीचा नाही ना?

वाईट वाटून घेऊ नका, चांगल्या संगतीत आहात. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हँबुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बेस घेतला. स्वस्त होता, आणि दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्याच्या हातात उलटा दिसत नव्हता. १९७२ मध्ये लंडनला गाडीतून चोरीला गेला. सापडला कुठे, तर इंग्लंडमध्येच एका घराच्या माळ्यावर! २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं, एक्कावन्न वर्षांनी. तुमच्या लाडक्या जेमर्सनचा १९६२ चा प्रिसिजन बेस त्याच्या मृत्यूच्या आधी थोडे दिवस चोरीला गेला, १९८३ मध्ये, तो अजून बेपत्ता. आणि तुमच्या नावडत्या जॅकोचा फ्रेट उपटलेला जॅझ बेस १९८६ ला न्यूयॉर्कच्या बागेतून गेला. वीस वर्षांनी उगवला. शेवटी मेटालिकाच्या रॉबर्ट त्रुहियोने पैसे घालून तो जॅकोच्या घरच्यांकडे येईल असं बघितलं.

थोडक्यात, माळ्यावरचे बेस तपासून घ्यावेत.

---

न्यायप्रिय | रविवार, दुपारी १२.३०

मेटालिकाने कुठल्या तरी बेसला न्याय दिला म्हणायचा.

---

जाडी तार | रविवार, दुपारी २.४५

@भंगारप्रेमी, जेवताना वाचलं, घास अडकला.

खरं सांगायचं तर हा विचार मी १९९७ मध्येच केला होता आणि दाबून टाकला होता. मध्यस्थाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नाव खराब दिसत होतं म्हणून काढलं." कंपनीचं नाव खराब कसं दिसेल? पण १,८०० रुपयांत चार तारा मिळत होत्या, आणि नवरात्राला बारा दिवस होते. नाही विचारलं पुढे.

---

नवी बोटं | रविवार, रात्री ८.१८

मी फाइन आर्ट्सला दुसऱ्या वर्षाला आहे, आठ महिन्यांपासून बेस शिकतेय. सगळं मोबाइलवरून. बेसवादक मोहिनी डेचे व्हिडिओ बघून सुरुवात केली. ती माझ्यापेक्षा लहान असताना असं वाजवायची की मी पहिल्या महिन्यात दोनदा बेस विकायला काढला.

दोन प्रश्न. एक, बोटांनी की पिकने (तार छेडायच्या प्लास्टिकच्या तुकड्याने)? आमच्या ग्रुपमधला गिटारवाला म्हणतो पिकने वाजवणारे खरे बेसिस्ट नसतात. दोन, 'इंडियन ओशन' या बँडचं कुठलं गाणं आधी बसवू?

---

जाडी तार | रविवार, रात्री ८.५०

वा! ये, ये.

एक. गिटारवाल्याने बेसवर मत देणं म्हणजे वऱ्हाड्याने आचाऱ्याला मीठ सांगणं. कॅरल के ऐक. साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत तिने पिकने वाजवलेला बेस अख्ख्या जगाने ऐकलाय. हाताला जे लागतं ते वापर. मात्र आठवड्यातून दोन दिवस दुसरंही वाजव. माझं पिक राहूनच गेलं, आता जमत नाही.

दोन. 'कंदिसा' अल्बम, सन २०००. त्यातलं 'मा रेवा' आधी. राहुल रामचा बेस तिथे गाण्याच्या मागे उभा नाही, गाणंच त्याच्या खांद्यावर आहे. फार सूर नाहीत, पण जागा सोडायला शीक त्यातून. मी तीन महिने फक्त सूर *न* वाजवायचा सराव केला होता त्याच्यावर.

---

अनुभवी | रविवार, रात्री ९.३०

राहुल राम नर्मदा आंदोलनात होते आणि ते गाणं त्यांनी तिथूनच उचललं, हे सांगायला विसरलात. आज बडोद्याच्या आसपास शेतांना पाणी कुठून येतं, तेही सांगा. धरण नको म्हणणारे लोक...

---

जाडी तार | रविवार, रात्री ९.३८

थांबा. खोऱ्यातलं गाणं त्यांनी खोऱ्यात शिकून घेतलं, ते मला माहीत आहे. माझ्या मावशीचं शेत कालव्यावर आहे, तेही मला माहीत आहे. दोन्हीवर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे चार तारा.

---

खर्जातली | रविवार, रात्री ९.४०

+१. चार तारा.

बाय द वे, जाडी तार, तो सहा आकडी नंबर लावून पाहिलात का कधी? आमच्याकडे फोन सात आकडी झाले तेव्हा जुन्या नंबराच्या आधी २ लागला होता.

---

जाडी तार | सोमवार, रात्री १०.२५

अपडेट देतो.

आज दुपारी ऑफिसातून लावला, दोन लावून. इतक्या वर्षांत एकदाही का लावला नाही, हे बायकोने विचारलं. मी उत्तर टाळलं. वाजला नाही. "हा नंबर अस्तित्वात नाही" असं एक बाई आधी गुजरातीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगत राहिल्या. मी तिन्ही भाषा ऐकून घेतल्या.

मग ज्या वादकाने सौदा जमवला होता त्याच्या मुलाला गाठलं. वडील गेले. मुलाला बेस आठवत होता. म्हणाला, "तो आमच्याच घरी होता दोन वर्षं. पप्पांनी पूर्ण पैसे दिले नव्हते कुणाला तरी, तेवढं आठवतं." कुणाला, ते माहीत नाही. म्हणजे चोरीचा नसावा. उधारीचा होता.

अँप दुरुस्त होऊन आला. एक तास वाजवलं. ए तार विझलेली आहे, ई बरी आहे. काल ऑनलाइन तारा मागवल्या होत्या, त्याही आज आल्या. पाकिटावर "शॉर्ट स्केल" छापलेलं, आत ३४ इंची. त्या बसवल्या तर जाड भागच खुंटीवर गुंडाळला जातो आणि तार तिथेच मोडते. परत पाठवायला फॉर्म भरला. आठवडा लागेल म्हणतात.

शनिवारी गच्चीवर जमायचंय. तेव्हा, स्वयंपाकघरात विचारून आलो. दुधाचं पातेलं मिळणार नाही. चहाचं जुनं मिळेल, कान तुटलेलं.

---

चहाटळ | सोमवार, रात्री १०.३१

मीठ घालायला विसरू नका.

---

नवी बोटं | सोमवार, रात्री १०.४०

किती मिनिटं उकळायच्या?

---

जाडी तार | सोमवार, रात्री १०.४४

दहा-बारा. मग लगेच फडक्याने कोरड्या पूस, नाहीतर रात्रीत गंज धरतो. आणि तुझ्या तारा आठ महिन्यांच्याच आहेत, त्यांना हात लावू नकोस.